रेषा जागच्या जागी, माणसं हलवली

लंडनला पिम्लिको स्टेशनातून टेट गॅलरीकडे जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून पेज स्ट्रीटवर गेलो होतो. पाच-सहा मजली इमारतींची एक रांगच तिथे उभी आहे, आणि प्रत्येक भिंत म्हणजे बुद्धिबळाचा पट. एक चौकोन करड्या विटांचा, त्याला लागून एक पांढऱ्या गिलाव्याचा, पुन्हा करडा, पुन्हा पांढरा. आत चौक आणि चौकाकडे तोंड केलेल्या लांब गॅलऱ्या. गॅलरीच्या कठड्याला साखळी घालून अडकवलेली लहान मुलाची सायकल आणि वाळत घातलेले टॉवेल पाहून गिरगावातल्या माणसाला चुकल्यासारखं अजिबात वाटणार नाही. आराखडा नवी दिल्ली उभी करणाऱ्या लटियन्सचा. १९२८च्या जानेवारीत टेम्सला पूर आला आणि तळघरांत राहणारी गरीब माणसं रात्रीत बुडाली. लंडनभरात १४ जण गेले. त्यानंतर या भागातल्या पडक्या वस्त्या काढून ही घरं बांधली गेली.

याच घरांवरून १९९० साली तिथल्या हायकोर्टात एक विलक्षण खटला चालला. जमीन मूळची ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या घराण्याची. ती ९९९ वर्षांच्या पट्ट्याने आणि नाममात्र भाड्याने वेस्टमिन्स्टर महापालिकेला मिळाली होती. अट एकच होती, की ही घरं कामगार वर्गातल्या माणसांसाठीच वापरायची. आता महापालिकेला ती विकायची होती, आणि तिच्या वकिलांचा युक्तिवाद असा की ‘कामगार वर्ग’ नावाचं काही आता उरलेलंच नाही, सबब अट निरर्थक आहे. समोर उभा होता सहावा ड्यूक, इंग्लंडमधल्या सगळ्यांत श्रीमंत जमीनदारांपैकी एक. त्याचं म्हणणं, कामगार वर्ग आहे आणि अटही आहे. न्यायाधीशांनी ड्यूकचं ऐकलं. लोकांनी निवडून दिलेली महापालिका म्हणते गरीब नाहीत, आणि वंशपरंपरेने ड्यूक झालेला माणूस कोर्टात जाऊन सांगतो की आहेत. अर्थात ड्यूकला फार डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पुढे १९९३ मध्ये घरमालकांच्या हक्कांना धक्का लावणारा कायदा आला, तेव्हा याच ड्यूकने रागावून हुजूर पक्ष सोडला.

पाचशेहून जास्त घरांसाठी एक महापालिका इतकी हट्टाला का पेटावी? उत्तर त्या भागाच्या वॉर्डात आहे.

आपल्याकडे महापालिका निवडणूक जवळ आली की प्रभाग रचनेचा आराखडा निघतो, हरकती-सूचना होतात, कोर्टकचेऱ्या होतात. मुंबईबाहेर २०१२ साली दोन नगरसेवकांचा प्रभाग होता, २०१७ साली चारांचा झाला. कुणाची गल्ली कुणाच्या प्रभागात घातली आणि कुणाची वस्ती मधोमध चिरली, यावर कट्ट्याकट्ट्यावर खल चालतो. त्यामुळे आपली अशी समजूत झाली आहे की वॉर्डातली लबाडी म्हणजे रेषेची लबाडी. रेषा ओढणारा हात निःपक्ष असला की प्रश्न मिटला. इंग्लंडमध्ये वॉर्डच्या सीमा महापालिकेतल्या सत्ताधाऱ्यांच्या हातात नसतात, त्या स्वतंत्र सीमा आयोग ठरवतो. १९८६ सालीही तसंच होतं. तरीही वेस्टमिन्स्टरमध्ये जे घडलं ते घडलं. रेषेला कुणी बोटही लावलं नाही. रेषेच्या आत कोण राहणार, तेवढं बदलायला घेतलं.

मिलबँक हा असाच एक वॉर्ड. एकोणिसाव्या शतकात तिथे नदीकाठी प्रचंड तुरुंग होता. ऑस्ट्रेलियाला पाठवायचे कैदी आधी इथे ठेवत. १८९० मध्ये तो बंद झाला, मग पाडला, आणि त्या जागेवर दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक टेट गॅलरी, १८९७ सालची. दुसरी, तिच्या पाठीमागे लंडन काउंटी काउन्सिलने कामगारांसाठी बांधलेली वसाहत, जी १९०२ मध्ये पुरी झाली. तुरुंगाच्या विटा वसाहतीत पुन्हा वापरल्या. इमारतींना नावं दिली चित्रकारांची, होगार्थ, टर्नर, रेनॉल्ड्स. पहारेकऱ्यांच्या विटांत राहणाऱ्या हमालाच्या घराला टर्नरचं नाव, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला माझा नमस्कार. संसद इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. म्हणजे एकाच वॉर्डाच्या आसपास खासदारांचे फ्लॅट, सरकारी कचेऱ्या आणि त्या कचेऱ्या झाडणाऱ्यांची घरं, असा सगळा मामला. अशा ठिकाणी मतं दोन्हीकडे जातात.

१९८६च्या निवडणुकीत तेच झालं. वेस्टमिन्स्टर महापालिका १९६४ मध्ये पहिल्यांदा निवडून आली तेव्हापासून हुजूर पक्षाकडे होती. १९८६ मध्ये त्या पक्षाचं बहुमत २६ वरून ४ वर आलं. मिलबँक मजूर पक्षाने जिंकला. महापालिकेच्या नेत्या होत्या शर्ली पोर्टर, टेस्को दुकानांचा संस्थापक जॅक कोहेन यांची कन्या. काटकसरीचा त्यांना मोठा अभिमान. पुढच्याच वर्षी महापालिकेने आपल्या मालकीच्या तीन दफनभूम्या प्रत्येकी पाच पेन्सला विकून टाकल्या, का तर देखभालीचा खर्च वाचावा. ज्यांचे आईवडील तिथे पुरलेले होते ते चवताळून उठले आणि हे प्रकरण महापालिकेला विलक्षण महागात पडलं. ते असो. बहुमत घटल्याची धास्ती घेऊन पक्षाने पुढच्या चार वर्षांचं गणित मांडलं. ज्या आठ वॉर्डांत थोडक्यात हार-जीत झाली होती किंवा होऊ शकत होती, ते ‘की वॉर्ड’ ठरले. आपल्या भाषेत मोक्याचे वॉर्ड. मिलबँक त्यांत होता. बेजवॉटर, व्हिक्टोरिया, सेंट जेम्सेस, कॅव्हेंडिश, वेस्ट एंड हेही होते. बाहेर सांगितलं गेलं की या वॉर्डांवर लोकसंख्या घसरण्याचा ताण आहे, तिथे ‘स्थिर समाज’ घडवायचा आहे. आतल्या कागदांवर निवडणुकीचे आकडे होते.

आता यंत्रणा कशी चालली ते नीट समजून घ्यायला हवं, कारण खरी मेख तिथे आहे. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८० सालीच महापालिकांच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला होता. वेस्टमिन्स्टरने केलं ते याहून निराळं. मोक्याच्या वॉर्डात एखादं घर रिकामं झालं, म्हातारा भाडेकरू वारला, कुणी गाव बदललं, की ते प्रतीक्षायादीतल्या पुढच्या कुटुंबाला द्यायचं नाही. ते विक्रीसाठी राखून ठेवायचं. विकत घेणारा साधारणपणे कमावता, मध्यमवर्गीय, आणि पक्षाच्या हिशेबाने आपला मतदार. या वॉर्डांत वर्षाला २५० घरं विकायची, असं लक्ष्य होतं. वकिलाने सल्ला दिला की फक्त काठावरच्या वॉर्डांत असं करणं बेकायदा ठरेल. मग यांनी काय केलं? योजना रद्द केली नाही. ती शहरभर लागू केली आणि लक्ष्य ५०० वर नेलं, म्हणजे हव्या त्या वॉर्डांतली २५० त्यात झाकली जातील. जुलै १९८७ मध्ये गृहनिर्माण समितीने हा ठराव केला.

परिणाम रस्त्यावर दिसत होता. रिकामी घरं घुसखोरांपासून वाचवायला दारा-खिडक्यांवर लोखंडी पत्रे ठोकलेली, आणि त्याच वेळी बेघर कुटुंबांना निवारा देणं महापालिकेला कायद्याने बंधनकारक असल्यामुळे ती कुटुंबं पैसे मोजून हॉटेलांच्या खोल्यांत ठेवलेली. स्वतःचं घर कुलपात आणि पाहुण्याला लॉजमध्ये. काही कुटुंबांना तर हॅरो रोडजवळच्या एल्गिन वसाहतीतल्या हर्मीस पॉइंट आणि चँट्री पॉइंट या दोन मनोऱ्यांत ठेवलं. त्या इमारतींत आरोग्याला घातक अॅस्बेस्टॉस होता, हे महापालिकेला माहीत होतं. तो वॉर्ड मजूर पक्षाचा, हुजूर पक्षाने हमखास हरायचा. तिथे आणखी चार गरीब गेल्याने निकालात फरक पडणार नव्हता.

या एल्गिन आणि शेजारच्या वॉल्टर्टन वसाहतीतल्या लोकांनी पुढे जे केलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८८च्या गृहनिर्माण कायद्यात थॅचर सरकारने एक तरतूद केली होती. भाडेकरूंना वाटलं तर ते महापालिकेला सोडून दुसरा घरमालक निवडू शकत होते. हेतू हा की लोक मजूर पक्षाच्या महापालिकांच्या तावडीतून सुटतील. वॉल्टर्टन-एल्गिनच्या रहिवाशांनी तोच कायदा उचलला, स्वतःची संस्था काढली आणि १९९२ मध्ये हुजूर पक्षाच्या महापालिकेकडून नऊशेवर घरं आपल्या ताब्यात घेतली. वर मोडकळीला आलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी पैसेही तिच्याकडून वसूल केले. ज्याची काठी त्याच्याच पाठीवर, दुसरं काय.

१९९०ची निवडणूक पोर्टरबाईंनी मोठ्या फरकाने जिंकली. ती घरविक्रीमुळे जिंकली का? मला तसं वाटत नाही. त्या साली माणशी ‘पोल टॅक्स’ नव्याने आला होता आणि त्याच्याविरुद्ध देशभर रान उठलं होतं, पण वेस्टमिन्स्टरमध्ये केंद्राच्या उदार अनुदानामुळे तो अवघा १९५ पौंड ठेवता आला होता. माझ्या मते, मतदाराच्या खिशात राहिलेल्या पैशाने विकलेल्या घरांपेक्षा जास्त काम केलं असणार. पण म्हणून गुन्हा लहान होत नाही. नेम चुकला म्हणून बंदूक उचलल्याचं माफ होत नसतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निवडून येणारा प्रत्येक जण पुढच्या निवडणुकीचा विचार करूनच काम करतो. नगरसेवक गटार दुरुस्त करतो ते मत मिळावं म्हणून. घरं विकणं हे तर पक्षाचं उघड, जाहीर धोरण होतं. स्वतःचं घर असलेला माणूस शहराला जास्त बांधील असतो, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असेल तर? मग सत्ताधाऱ्याने मताची आशा धरली हाच गुन्हा का?

२००१च्या डिसेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाच्या, न्यायाधीशांनी याला जे उत्तर दिलं ते मला आजही पटतं. लॉर्ड बिंगहॅम यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोकप्रतिनिधीने मतांची आशा धरावी, त्यात गैर काही नाही, लोकशाही त्यावरच चालते. पण कायद्याने दिलेला अधिकार ज्या कामासाठी दिला आहे त्याच कामासाठी वापरायला हवा. गटार तुंबलं म्हणून दुरुस्त केलं आणि त्याबद्दल मत मिळालं, तर उत्तम. पण गटार कुठलं दुरुस्त करायचं हे तुंबण्यावरून न ठरता गेल्या वेळच्या मतांच्या फरकावरून ठरलं, की अधिकार बाटला. लॉर्ड स्कॉट यांनी तर सुरुवातच केली की हा खटला राजकीय भ्रष्टाचाराचा आहे. इथे कुणी लाच घेतली नाही, कुणाच्या खिशात पैसा गेला नाही, तरी हा भ्रष्टाचारच, आणि सहज सापडत नाही म्हणून जास्त घातक, असं त्यांनी म्हटलं. मतदारसंघाच्या रेषा फिरवणं आणि लोकांच्या भल्यासाठी दिलेले अधिकार पक्षाच्या भल्यासाठी वापरणं, ही दोन्ही त्यांनी एकाच पंक्तीला बसवली.

हे दोन न्यायाधीश मोठेच. पण प्रकरण त्यांच्यापर्यंत पोचलं कसं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. ते काही पोलिसांनी पोचवलं नाही, सीमा आयोगाने तर नाहीच. १९८९ मध्ये काही स्थानिक मतदारांनी, त्यांत विरोधी नगरसेवकही होते, महापालिकेच्या हिशेबावर लेखापरीक्षकाकडे हरकत घेतली. हा हक्क इंग्लंडमधल्या कुठल्याही साध्या मतदाराला कायद्याने होता. लेखापरीक्षक होते जॉन मॅगिल. हिशेब तपासणारा माणूस, राजकारणी नव्हे. त्यांनी सात वर्षं कागद चाळले. हेतू सिद्ध करायला त्यांना भाषणं लागली नाहीत, टिपणं आणि इतिवृत्तं पुरली. १९९६ मध्ये त्यांनी सहा जणांवर मिळून ३ कोटी १६ लाख पौंडांचा ठपका ठेवला. महापालिकेवर नाही, त्या सहा माणसांवर, त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेतून भरायचा. याला तिथे ‘सरचार्ज’ म्हणत. हायकोर्टाने पोर्टर आणि त्यांचे उपनेते यांना जबाबदार धरलं आणि बाकीच्यांना सोडलं. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने या दोघांनाही सोडलं. लॉर्ड्सनी पुन्हा पकडलं. अखेर २००४ मध्ये पोर्टरबाईंनी १ कोटी २३ लाख पौंड भरून तडजोड केली. १९८७च्या ठरावापासून वसुलीपर्यंत सतरा वर्षं. आपल्याला यात नवल वाटणार नाही.

गंमत म्हणजे लॉर्ड्सचा निकाल आला तोवर सरचार्जचं हत्यारच म्यान झालं होतं. २०००च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने ते काढून टाकलं. मग २०१५ मध्ये महापालिकांच्या लेखापरीक्षणावर देखरेख करणारं ऑडिट कमिशनही मोडीत निघालं आणि हे काम खासगी हिशेब कंपन्यांकडे गेलं. माझ्यासाठी खरा मुद्दा हा आहे. वॉर्डच्या सीमा निःपक्ष ठेवायला इंग्लंड जितकं जपतं, तितकं त्या सीमांच्या आतला कारभार तपासणाऱ्या माणसाला जपत नाही. २०२२-२३ सालचे तपासलेले हिशेब मुदतीत प्रसिद्ध करणाऱ्या स्थानिक संस्था होत्या फक्त सुमारे एक टक्का. शंभरातली एक! थरॉक महापालिकेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि वोकिंग महापालिकेने जून २०२३ मध्ये जाहीर केलं की पैसा संपला, आता आमचे हात वर. कर्जं शेकडो कोटी पौंडांच्या घरात. मॅगिल यांच्यासारख्याला सात वर्षं कागद चाळायला बसवणारी व्यवस्था आता आहे कुठे?

सरचार्ज परत आणा असं सरसकट म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही, आणि त्याला कारण आहे पूर्व लंडनचं पॉपलर. १९२१ मध्ये तिथल्या ३० नगरसेवकांनी गरीब वस्तीवर लादलेला अन्यायी कर भरायला नकार दिला आणि मजूर पक्षाचे पुढारी जॉर्ज लॅन्सबरींसह तुरुंगात गेले. याच पॉपलरने आपल्या कामगारांना, बाई असो वा पुरुष, आठवड्याला किमान चार पौंड पगार द्यायचं ठरवलं. लेखापरीक्षकाने ते बेकायदा ठरवून नगरसेवकांवर सरचार्ज लावला, आणि १९२५ मध्ये लॉर्ड्सनी लेखापरीक्षकाचीच बाजू घेतली. म्हणजे ज्या दंडाने पोर्टरबाईंना गाठलं, त्याच दंडाने बायकांना समान पगार देणाऱ्यांनाही बडवलं होतं. सरचार्ज रद्द करावा असं म्हणणाऱ्यांचं अगदीच काही चुकत नव्हतं. खिशाला हात लागेल या भीतीने भला माणूस नगरसेवक व्हायलाच नको म्हणेल, हा धोका खराच.

पण दोन्ही प्रकरणांतला फरक डोळ्यांपुढे ठेवला तर वाट दिसते. पॉपलरने जे केलं ते दिवसाढवळ्या, ठराव करून, छाती पुढे काढून. त्यांचा हेतू लपलेला नव्हता, आणि तो पटत नसेल तर मतदार त्यांना घरी बसवू शकत होता. वेस्टमिन्स्टरमध्ये बाहेरचं कारण एक आणि आतल्या कागदावरचं दुसरं. जिथे कारण लपवलेलं असतं तिथे मतपेटी आंधळी असते, कारण कशाविरुद्ध मत द्यायचं हेच मतदाराला कळत नाही. म्हणून चुकीच्या धोरणासाठी नगरसेवकाचा खिसा कापू नये. सार्वजनिक अधिकार गुपचूप पक्षाच्या कामी लावला असेल, वकिलाने बजावल्यावरही लावला असेल, तर मात्र कापावा. आणि तो कापायचा की नाही हे कोर्टाने ठरवावं, लेखापरीक्षकाने फक्त कागद पुढे ठेवावेत. ते ठेवायला त्याला वेळ, पैसा आणि अधिकार हवा. आज यातलं त्याच्याकडे पुरेसं काहीच नाही.

आपल्याकडे यातून काही उचलायचं असेल तर हरकती-सूचनांची मुदत संपल्यावरही जागं राहण्याचं उचलावं. प्रभागाचा नकाशा आपण भिंग लावून बघतो. पण पुनर्वसनाची घरं कुठल्या वस्तीला मिळाली, संक्रमण शिबिरातली कुटुंबं परत आली की कायमची उपनगरात विरली, याची यादी त्या नकाशाशेजारी ठेवून कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

मिलबँक वॉर्डचं पुढे काय झालं? २००२ मध्ये सीमा आयोगाने वेस्टमिन्स्टरचे वॉर्ड नव्याने आखले आणि त्यात मिलबँक हे नावच गेलं. व्हिक्टोरिया, कॅव्हेंडिशही गेले. ज्या चौकोनांसाठी एवढी घरं पत्रे ठोकून रिकामी ठेवली, ते नकाशावर राहिले नाहीत. २०२२ मध्ये पुन्हा नवे वॉर्ड झाले, १८ वॉर्ड, ५४ नगरसेवक, आणि त्या निवडणुकीत मजूर पक्षाने ३१ जागा घेऊन वेस्टमिन्स्टर पहिल्यांदाच जिंकलं. पेज स्ट्रीटवर मी गेलो त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, हा वॉर्ड कुठला. त्याने थोडा विचार केला, मग मागे वळून बायकोला विचारलं. तिलाही सांगता आलं नाही. पण ड्यूकचा खटला तिला ठाऊक होता. तिची आई तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहत होती, म्हणाली, आणि आता ती स्वतः राहते.